कुल्लू शाल हातमागाची की यंत्रमागाची, हे कसं ओळखायचं?

ऊबदार:
कुल्लू शाल घ्यायची आहे. तीन पाहून ठेवल्या आहेत. तिन्हींचं अंग साधं आणि दोन्ही टोकांना रंगीत भौमितिक पट्टे. तिन्ही 'हातमाग, प्युअर वूल' म्हणूनच विकतात, पण किमतीत तिपटीपर्यंत फरक. हातात घेऊन नेमकं काय तपासायचं? अंगठीतून शाल काढून दाखवतात, त्यावर विश्वास ठेवावा का? आणि घरी धुता येते का?

धोटा:
आधी शाल उलटी करा आणि पट्ट्याची पाठ बघा. कुल्लूच्या हातमागावर नक्षीचा धागा विणकर बोटांनी भरतो. जेवढ्या उभ्या धाग्यांवर तो रंग हवा, तेवढ्यांतूनच काढून तिथल्या तिथे मागे वळवतो. त्यामुळे पाठीवरही रंग आपापल्या जागीच दिसतो. जॅकार्ड (नक्षी आपोआप विणणाऱ्या) यंत्रमागावर तोच धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. नक्षीत नको तिथे तो पाठीवर मोकळा लोंबतो, नाहीतर कातरून टाकतात. कातरलेला असेल तर बोट फिरवल्यावर बारीक खुंट टोचतात.

मग काठ बघा. कापलेला, बारीक झालर असलेला काठ म्हणजे धोटा (आडवा धागा वाहून नेणारं साधन) नसलेला यंत्रमाग. उलट, वळलेला काठ हा हातमागाचा पुरावा नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही तो तसाच निघतो. विणीतल्या लहानसहान चुका हातमागाची खूण म्हणून दाखवतात, तेही मानू नका. चांगल्या विणकराची ठोक एकसारखी असते, त्याच्या शालीत चुका शोधून सापडत नाहीत.

लोकर तपासायला दशांमधला एक धागा जाळा. केस जळल्यासारखा वास, ज्योत लगेच विझणं आणि चुरडली जाणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. पण हा धागा शालीच्या अंगाचा घ्या. पट्ट्यातले भडक रंग पुष्कळदा अॅक्रिलिकचे असतात. तेवढ्यावरून शाल खोटी ठरत नाही. विकणाऱ्याने ते सांगायला मात्र हवं.

देवदार:
अंगठीची परीक्षा सोडून द्या. पातळ व्हिस्कोजची शालही अंगठीतून निघते आणि भरगच्च भरतकामाची अस्सल पश्मिना अडकते. शिवाय ती पश्मिनासाठी सांगतात. कुल्लू शाल बहुतेक मेरिनो मेंढीच्या लोकरीची असते. अंगोरा सशाची लोकर, देशी लोकर आणि पश्मिनाही वापरतात. जाळून मेरिनो आणि पश्मिना वेगळी ओळखता येत नाही. पश्मिनाचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉनचा, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो.

लेबलं नीट वाचा. हॅंडलूम मार्क फक्त हातमागाची खात्री देतो. वूलमार्क लोकरीची. कुल्लू शालीचं भौगोलिक मानांकन सांगतं ती कुठली आहे. एकाचं काम दुसरं करत नाही. १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेल्या ११ वस्तूंमध्ये शालही आहे, तेव्हा विक्रेत्याला स्पष्ट विचारायला संकोच नको.

पट्टे खूपच दाट, गुंतागुंतीचे आणि बौद्ध चिन्हांचे असतील तर ती किन्नौरी, म्हणजे हिमाचलमधल्याच किन्नौरची, असू शकते. तिचं मानांकन वेगळं आणि मेहनतही जास्त, त्यामुळे महाग असणं रास्तच. बायका चांदीच्या पिनांनी अंगावर अडकवतात तो पट्टू दिसला आणि मधोमध उभी शिवण असली, तर त्याला जोड लावला असं समजू नका. अरुंद मागावर दोन पट्ट्या विणून त्या जोडायची पद्धत आहे.

ऊबदार:
पाठ बघून आले. दोन शालींवर कातरलेले खुंट स्पष्ट लागतात, तिसरी साफ आहे. तिसरी घेतेय. आता धुण्याचं सांगा.

रिठा:
लाल आणि काळ्या भागावर ओलं पांढरं सुती कापड दाबून ठेवा. रंग उतरला तर ड्रायक्लीनच.

उतरला नाही तर ४-५ लिटर गार पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव २ चमचे. शाल ५ ते १० मिनिटं बुडवून नुसती दाबा. चोळलं किंवा पाणी एकदम गरम-गार झालं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, शाल आटते आणि पुन्हा सुटत नाही. मेरिनोची तर फार लवकर. नेहमीची धुण्याची पावडर नको. त्यातला सोडा लोकर कमकुवत करतो आणि डाग खाणारी एन्झाइम्स लोकरीचं प्रथिनही खातात. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर लोकर चक्क विरघळते.

पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरा. दोरीवर टाकलीत तर ओल्या वजनाने ओढली जाते.

धोटा:
ठेवताना धुऊनच ठेवा, कारण कसरीच्या अळ्या घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी जातात. कसर लागलीच तर शाल पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दव लोकरीवर धरेल. खोलीच्या तापमानाला आली की उघडून झटका.