घरातले दिवे बदलले तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

आमच्या घरात आता सगळीकडे एलईडी दिवे आहेत. जाहिरातीतले आकडे सगळ्यांना पाठ आहेत, मला घराघरातले अनुभव हवे आहेत. आधी कुठला दिवा बदललात? बिलात काय दिसलं? काय खटकलं?

सुरुवात मी करते. आम्ही सगळ्यात आधी देवघरातला झिरोचा बल्ब काढला. जुना काचेचा झिरो 12 ते 15 वॅट खातो आणि आमच्याकडे तो रात्रभर चालू असायचा. दहा तास धरले तरी महिन्याला साडेतीन ते साडेचार युनिट! आता अर्ध्या वॅटचा एलईडी आहे, त्याला महिन्याला पाव युनिटही लागत नाही. म्हणून माझं सांगणं आहे, दिवा किती वॅटचा यापेक्षा तो किती तास जळतो ते आधी बघा. माळ्यावरचा 60 चा दिवा सणासुदीलाच लागतो, तो खुशाल राहू द्या.

डोंबिवली
ताई, तासांचा मुद्दा अगदी पटला. आमच्या स्वयंपाकघरात ट्यूब पहाटेपासून चालू. 40 ची म्हणतात, पण जुन्या चोकसकट ती 50 च्या वर जाते. 20 वॅटची पट्टी लावली आणि स्टार्टर फिरवत बसणं कायमचं संपलं. बिलाचं म्हणाल तर आमचा वापर शंभर युनिटच्या थोडा पुढे जायचा. शंभरानंतरच्या युनिटचा दर चढा असतो, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट त्या महागाच्या टप्प्यातलं होतं.

सिंधुदुर्ग
आमच्याकडे बिलापेक्षा व्होल्टेजचा प्रश्न मोठा. पावसाळ्यात संध्याकाळी दाब इतका पडायचा की ट्यूब नुसती फडफडायची आणि गुलोपाची, म्हणजे जुन्या काचेच्या बल्बची, तार तांबडी दिसायची. एलईडी त्याच दाबावर नीट उजेड देतो. आई विळीवर नारळ खवते तेव्हा आता बॅटरी धरून उभं राहावं लागत नाही. पडवीत पिवळसर रंगाचा लावा, पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात.

कोल्हापूर, वायरमन
रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘दिवा बंद केला तरी मंद जळतो’ ही तक्रार फार येते. बहुतेक वेळा बटणात छोटा लाल इंडिकेटर असतो, त्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. ते मात्र लगेच दुरुस्त करून घ्या, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो.

दुसरं, पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी लावू नका. एलईडीचा प्रकाश गार वाटतो, पण त्याच्या बुडाशी असलेलं सर्किट तापतं. हवा खेळली नाही तर तेच आधी जातं, आणि गिऱ्हाईक म्हणतं बल्ब खराब निघाला. घेताना खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. 9 वॅटमध्ये साधारण 900 ल्युमेन मिळत असतील तर 60 च्या जुन्या बल्बची जागा तो सहज घेतो. 6500 के म्हणजे पांढरा, 3000 के म्हणजे पिवळसर. झोपायच्या खोलीत पिवळसरच घ्या.

न्यू जर्सी
इथे आटे असलेले होल्डर आणि 120 व्होल्ट, त्यामुळे पिनेचे भारतातले बल्ब सामानात भरून आणू नका.

सांगोला
आम्ही घरचे सगळे बदलले, पण कोंबडीच्या पिल्लांच्या खुराड्यात जुना गुलोपच ठेवलाय. तिथं उजेड नको, ऊब हवी. थंडीत पिल्लं त्याच्याखाली गोळा होतात. एलईडीखाली ती गारठतील.

नाशिक
काढलेल्या सीएफएलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यात थोडा पारा असतो. फुटला तर मुलांना बाहेर न्या, पंखा बंद करून खिडक्या उघडा, केरसुणी फिरवू नका. जाड पुठ्ठ्यावर तुकडे घ्या, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. न फुटलेले ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.