बेर्नाल दिआस : सामान्य शिपायांचा साक्षीदार की खंडणीवर जगणारा नगराधिकारी?

दौत : ‘शिलेदार’ यांनी काल लिहिले की सोळाव्या शतकात मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश मोहिमेत लढलेला आणि पुढे तिची हकिगत लिहिणारा बेर्नाल दिआस देल कास्तियो हा निःस्वार्थी शिपाई होता आणि मोहिमेचा सेनानी कोर्तेस याचे गोडवे गाणाऱ्या इतिहासकार गोमाराला त्याने केवळ सत्यासाठी उत्तर दिले. हे वाचून राहवले नाही. ज्याने ग्वातेमालातील सान्तिआगो नगरात तीन दशके रेहिदोरपद, म्हणजे नगरसभेचे सदस्यपद, भोगले, ज्याच्या घरी एन्कोमिएंदाच्या, म्हणजे राजसत्तेने वसाहतदारांच्या हवाली केलेल्या स्थानिकांच्या, गावांतून खंडणी येत होती आणि जो १५५० साली स्पेनमधील वायादोलिदच्या बैठकीत, स्थानिकांची बाजू घेणारे धर्मगुरू लास कासास विरोधात बसलेले असताना, ती गावे कायमची वंशपरंपरेने मिळावीत म्हणून वाद घालत होता, त्याला निःस्वार्थी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शिलेदार : आपण पदावर बोट ठेवता आणि मजकूर बाजूला सारता. गोमाराने मेक्सिकोत पाऊलही ठेवले नव्हते; बेर्नालला मात्र मोहिमेतील घोड्यांचे रंग आणि चाली म्हातारपणीही आठवत होत्या, सेदेन्योची घोडी जहाजावर व्यायली हेसुद्धा त्याने सोडले नाही. माझे वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर कबूल झालेल्या जमिनीसाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि प्रत्येक अर्जात आपल्या लढाया नव्याने लिहीत गेले. त्या अर्जांना कोणी लोभ म्हटले, तर मी ऐकून घेणार नाही.

माजघर : आपल्या वडिलांविषयी आदर आहे, पण त्यांनी मागितलेल्या जमिनीबरोबर माणसे जोडलेली नव्हती. येथे डागणीचा विषय कोणी काढतच नाही, म्हणून मी काढते. युद्धात पकडलेल्यांच्या चेहऱ्यावर तापलेल्या लोखंडाने ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध या स्पॅनिश शब्दाचे आद्याक्षर उमटवले जाई.

शिलेदार : डागण्याचे तेच लोखंड मेक्सिकोतील कोआत्साकोआल्कोसला बेर्नालच्या ताब्यात आले, तेव्हा तेथील पाद्र्याच्या साथीने त्याने ते गुपचूप मोडून टाकले. हे आपण वाचले नाही काय?

माजघर : वाचले आहे, आणि ते सांगणारा तो स्वतःच आहे, हेही वाचले आहे. आता मेक्सिकोतील तेपेआका गावाची त्याचीच १५२० सालची हकिगत वाचा. बायकामुलांना डागण्यासाठी एकत्र आणले होते. राजाचा पाचवा हिस्सा निघाला, कोर्तेसचा निघाला, आणि देखण्या बायका आदल्या रात्रीच गायब झाल्या म्हणून शिपायांनी ओरड केली. बेर्नालची तक्रार वाटणीत फसवले गेल्याची आहे. त्या बायकांच्या चेहऱ्यांबद्दल त्याला तेथे काहीही म्हणायचे नाही.

दौत : आणि कोर्तेसच्या सैन्याने मेक्सिकोतील चोलुला नगरात केलेली कत्तल? लास कासास यांनी ती निष्कारण झाली असे म्हटले, तर हे महाशय त्यांनाच खोटे पाडायला निघाले.

शिलेदार : चोलुला मध्ये आणून डागणीचा मुद्दा बुडवू नका. तेपेआकाचा उतारा अडचणीचा आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. तरीही तो उतारा आपल्या हाती कोणी दिला? त्यानेच. नगराधिकाऱ्याला आपली प्रतिष्ठाच जपायची असती, तर हे पान त्याने केव्हाच फाडले असते.

माजघर : ते पान त्याच्या प्रतिष्ठेच्या आड येतच नव्हते, म्हणून राहिले. ज्या नगरसभेत तो बसत होता, तेथील बहुतेकांची घरे अशाच खंडणीवर चालत होती. त्यांच्यासमोर लाज वाटावी असे त्यात त्याला काही दिसलेच नाही.