मदत हवी आहे: महापालिकेची चार मतं गल्लीतल्या बायकांना कशी समजावून सांगू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळतात. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. येत्या 15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान आहे आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी बाई माझ्याकडे येऊन विचारते, "यंदा किती बटणं दाबायची गं?"

मागची निवडणूक फेब्रुवारी 2017 ला झाली होती. मार्च 2022 पासून या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडेच. मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, तिथं एक बटण दाबून बाहेर यायचं असतं. तीच सवय लागलीय. माझ्या वहिनीच्या वयाच्या मुलींनी तर महापालिकेला आजवर मतच दिलेलं नाही. शहरात 26 प्रभाग आणि 102 जागा. दोन प्रभाग तीन जागांचे, बाकीचे चारचे. आमचा चारचा आहे.

सगळ्यात मोठा घोळ आरक्षणाचा. शेजारच्या अक्का ठामपणे सांगतात, "राखीव जागेचं मत ज्यांचं त्यांनी द्यायचं, आपण नाही." आरक्षण उभं राहणाऱ्यासाठी असतं, मत मात्र प्रभागातल्या सगळ्यांनी सगळ्या जागांना द्यायचं, हे मी परत परत सांगते. तरी महिला राखीव जागेवर पुरुषांनी बटण दाबायचं का, असं परवा एका आजोबांनी विचारलंच. हे पटेल असं सांगायची काही रीत आहे का?

दुसरं म्हणजे पॅनेल. प्रचाराला आलेल्या काही कार्यकर्त्यांनी बायकांना सांगून ठेवलंय की चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा, नाहीतर मत बाद होतं. मला हे खोटं वाटतं आणि याचा फार रागही येतो. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, रात्री-अपरात्री उठून घागरी भरतात त्या याच बायका. कोण कामाचा आणि कोण नाही, हे त्यांना नावानिशी माहीत आहे. त्यांना चारपैकी एक माणूस एका पक्षाचा आणि दुसरा दुसऱ्याचा निवडायचा असेल तर भीती घालून का अडवायचं? पण मला नियम पक्का माहीत हवा, तरच मी चारचौघींत बोलू शकते.

तिसरं, आईला मोतीबिंदू आहे, चिन्ह नीट दिसत नाही. मी सोबत आत जाऊ शकते का? आणि ज्यांची नजर चांगली आहे, फक्त मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासोबत?

शेवटचं म्हणजे, यादीत आईच्या नावापुढे दोन फुल्या आहेत (**). आम्ही आधी दुसऱ्या पेठेत राहायचो. म्हणजे नाव कापलं का?

कोणी निवडणुकीची ड्यूटी केली असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी शिक्षिका आहे, 2017 ला मतदान केंद्रावर ड्यूटीला होते.

पॅनेलचं ते साफ खोटं आहे. चार मतं चार पक्षांच्या उमेदवारांना दिली तरी चारही मोजली जातात. अट एवढीच की एका जागेला एकच मत. प्रभागातल्या चार जागांना अ, ब, क, ड म्हणतात; ‘अ’ मधले दोन आवडले म्हणून दोघांना देता येत नाही.

समजावताना रंगांवरून समजवा. अ जागेचा कागद पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार जास्त असले की यंत्रं शेजारी शेजारी ठेवतात, कधी एकाच यंत्रावर दोन जागा येतात. म्हणून बायकांना सांगा, यंत्रं मोजू नका, रंग मोजा. प्रत्येक रंगात एक बटण. दाबलं की त्या नावासमोर लाल दिवा लागतो. चौथं दाबल्यावर लांब बीप वाजतो, तोवर मतदान पुरं झालेलं नसतं. आमच्या केंद्रावर कितीतरी जणी एक बटण दाबून निघायच्या, त्यांना दारातून परत बोलवावं लागायचं.

एखाद्या जागेवर कोणीच नको असेल तर त्या रंगात सगळ्यात खाली ‘नोटा’ असतो, तो दाबायचा. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर तिथं फेरनिवडणूक होते, तेव्हा ते मत वाया जातं असं समजू नका. आणि विधानसभेला काचेमागे जी चिठ्ठी दिसते ती इथे नसते, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर मत गेलंच नाही असं वाटून बायका घाबरतात.

आईंना चिन्ह ओळखता येत नसेल तर केंद्राध्यक्षांना सांगा, 18 वर्षांपुढचा सोबती आत नेता येतो. पण एका सोबत्याला एकाच मतदाराबरोबर जाता येतं, त्यामुळे अख्ख्या गल्लीला तुम्ही पुरणार नाही. नुसतं वाचता येत नाही या कारणावर सोबती मिळत नाही. त्यांना चिन्हं घरीच पाठ करून घेऊ द्या.

प्रतिसाद २

दोन फुल्या म्हणजे दुबार नावाची शंका, नाव कापलेलं नाही. कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून दिलं नसेल, तर केंद्रावर ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणारही नाही’ असं हमीपत्र घेतात आणि ओळख तपासून मत देऊ देतात. मतदार ओळखपत्र नक्की न्या, घरी येणारी चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. केंद्र कुठलं ते आयोगाच्या ‘मताधिकार’ ॲपवर दिसेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रंगांची युक्ती लगेच वापरली. चार रंगांचे कागद पुठ्ठ्यावर चिकटवले, खोटी चिन्हं काढली आणि दुपारी विड्या वळता वळता सगळ्यांना बटणं दाबायला लावली. चौथ्या बटणाला मी तोंडाने बीप म्हणायचे. अक्कांनी राखीव जागेचंही बटण दाबलं, "मग 2017 ला मला कोणीच का नाही सांगितलं?" म्हणाल्या.

आता एकच विचारायचंय. मतदान 7:30 ते 5:30 आहे. सुट्टी असली तरी विडीचं काम नगावर, बसलं नाही तर मजुरी नाही, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे घरात पाहुणेही असतील. चार बटणांमुळे प्रत्येकीला वेळ जास्त लागणार. बायकांसाठी वेगळी रांग असते का, आणि गर्दी कमी कधी असते? शिक्षिका ताई, तुमचा अनुभव सांगाल का?

प्रतिसाद १

बायकांची रांग वेगळी असते. सकाळी उघडतानाच या, नाहीतर दुपारी दोनच्या आसपास. साडेचारनंतर येऊ नका, तेव्हा झुंबड उडते. तरी उशीर झालाच तर 5:30 ला जे आवारात रांगेत असतात त्यांना मत देऊ देतात, परत पाठवत नाहीत.