नीसला अर्धा दिवस पुरे?

वाटसरू: युरोप सहलीत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीसला दोन दिवस फुकट गेले. इंग्रजांनी हिवाळा काढायला वसवलेलं गाव. समुद्रावर वाळू नाही, नुसते गोटे. स्वतःचं म्हणावं असं काही नाही. अर्धा दिवस पुरे.

रानवारा: हे वाचून राहवलं नाही. प्राचीन ग्रीकांनी वसवलेली निकाया ती हीच. 1860 पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, हे गाव फ्रान्सचं नव्हतंच, सावोय या राजघराण्याकडे होतं. इटली एक करणारा गारिबाल्डी 1807 साली इथेच जन्मला, आणि गाव फ्रान्सला दिलं याचा राग त्याने कधी लपवला नाही. जुन्या गावातल्या पाट्यांवर फ्रेंचच्या जोडीला गावची स्वतःची निसार्त भाषा आहे, ती वाचलीत का? 'इंग्रजांची' म्हणतात त्या प्रोमनादसाठी, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यासाठी, लुईस वे या पाद्र्याने 1820 नंतर वर्गणी काढली, पण घमेली उचलली ती कडाक्याच्या थंडीत काम गेलेल्या गरिबांनी.

मुशाफिर: पण 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला तो 'रिव्हिएराचं (म्हणजे या किनारपट्टीचं) हिवाळी विश्रामनगर' म्हणूनच. 1864 ला रेल्वे आली, गावातल्या सिमिए भागात व्हिक्टोरिया राणी येऊन राहायची, रशियनांचं कॅथेड्रल 1912 चं. पाहुणे वजा केले तर वाटसरूंचं काय चुकलं?

सईची आई: आम्हा शाकाहाऱ्यांना तिथे सोक्का मिळाला, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच!

रानवारा: धिरडं नाही हो! चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, उलटत नाहीत.

सईची आई: चाळीस वर्षं धिरडी घालतेय. पीठ तेच, चव तीच. मला शिकवू नका.

खवय्या: चव तीच कशी असेल? भट्टीत कडा करपतात, त्यातच तर मजा आहे. आणि नीसच्या सॅलडमध्ये उकडलेला बटाटा घालणाऱ्यांना तर तिथली जुनी माणसं घरात घेत नाहीत.

सईची आई: बटाट्याचं मी नावही काढलं नव्हतं.

परदेशी पाखरू: धिरडी राहू द्या. मी तिथे दोन वर्षं शिकले. खोलीचा करार सप्टेंबर ते जून एवढाच. उन्हाळा लागला की घरमालकीण म्हणायची, आता पर्यटक येणार, सामान हलव. दोन्ही वर्षी जूनमध्ये मैत्रिणीकडे जमिनीवर झोपून परीक्षा दिली. वारसा कुणाचा यावर भांडताय, पण गावात बारा महिने राहायला जागा कुणाला मिळते?

मुशाफिर: हे मात्र खरं. पाहुण्यांमुळे गाव उभं राहिलं हे माझं मत तरीही कायम.

वाटसरू: जुन्या गावात मी गेलो नव्हतो, हे कबूल. अर्धा नाही, एक दिवस म्हणा. गोटे मात्र टोचतातच.

सईची आई: आणि ते धिरडंच होतं.