शिबिरात आईच्या तळपायाचा आकडा ३१ आला. यावरून ती पडेल हे कळतं का?

तिसरा मजला:
आई ७४ वर्षांची, मधुमेह जुना, मेटफॉर्मिन चालू. सोसायटीच्या शिबिरात तिच्या तळपायांना बायोथेसिओमीटर लावलं, म्हणजे कंपन किती जोराचं झाल्यावर कळतं ते व्होल्टमध्ये मोजणारं यंत्र. उजवा २७ व्होल्ट, डावा ३१. कागदावर लाल शिक्का, आणि वर तोंडी "आजी, पडाल हं, आमचे इनसोल घ्या." किंमत साडेचार हजार! तेव्हापासून आई कठडा दोन्ही हातांनी धरून जिना उतरते. परवा देवळातून निघताना एका पायातली चप्पल निसटली, ती तशीच पुढे चालत राहिली. मागून एका बाईंनी हाक मारली तेव्हा कळलं. या आकड्याचं करायचं काय?

सांगलीचा फिजिओ:
ताई, आकडा जरा बाजूला ठेवा. चप्पल निसटलेली कळली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

२५ व्होल्टची रेघ मधुमेहींच्या पायाला जखम होण्याच्या धोक्यासाठी वापरतात. पडण्याचा निवाडा तिच्यावर होत नाही. शिवाय उतारवयात कंपन कळणं बहुतेकांचं कमी होतंच. परवा एका आजोबांच्या अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेकवला. डोळे मिटून ते लगेच म्हणाले, "थांबलं." तोच फोर्क माझ्या बोटाला लावला तर चांगला झणझणत होता. तरी हे आजोबा काठीशिवाय बाजार करून येतात, कारण नजर आणि कानातलं तोलाचं इंद्रिय शाबूत आहे. पाय कमी सांगतात ते डोळे भरून काढतात.

म्हणून आईंना विचारा: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं का? दिवे गेल्यावर झोक जातो का? रोंबर्ग चाचणीत आम्ही हेच बघतो, पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. जोडीला चालणंही बघतो: खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं.

आणि बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, त्यानेही पाय बधिर होतात, आणि त्यावर औषध आहे.

निवृत्त पण निवांत नाही:
चष्मा कुठला आहे? बायफोकलच्या खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. मी जिन्यासाठी फक्त लांबचा वेगळा करून घेतला. बीपीसुद्धा आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना गोळ्या दाखवा.

तिसरा मजला:
काका, चष्मा बायफोकलच आहे. आणि फिजिओदादा, बेसिन धरते, आत्ताच लपून पाहिलं. विचारलं असतं तर "छे" म्हणाली असती. बी-१२ उद्याच. ती डोळे मिटून उभं राहायची चाचणी मी घरी करू का?

सांगलीचा फिजिओ:
एकट्याने नको. बेसिन धरतात म्हणजे डोळे मिटताच झोक जाणार, आणि तुम्ही घड्याळ बघत असाल. फिजिओकडे न्या. तोवर बेसिनशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलचा नव्हे, तो वजनाने उपटून हातात येतो. इनसोलचे पैसे त्यात घाला.