मदत हवी आहे : केगमधल्या आले-लिंबू सरबतात गॅस मुरत नाही (भुसावळ)

नमस्कार,

माझा भाचा अमेरिकेहून कायमचा परतला, तेव्हा घरी बिअर बनवण्याचा त्याचा सगळा सरंजाम आमच्याकडे भुसावळला येऊन पडला. तिकडे 1978 च्या कायद्यानंतर स्वतःपुरती बिअर घरी बनवण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. आपल्याकडे दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ती बनवता येत नाही, म्हणून त्याच्या 19 लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पिंपात) आले-लिंबाचे सरबत भरून त्याचा सोडा करण्याचा घाट मी घातला आहे. गॅसचा दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर इथलाच घ्यावा लागला, कारण तिकडच्या नटाचे आटे इथल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला बसेनात.

सरबत मलमलीतून दोनदा गाळून केगमध्ये भरले, झाकण लावले आणि भाच्याच्या वहीत लिहिल्याप्रमाणे 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) दाब ठेवून केग माजघरात माठाशेजारी आठ दिवस राहू दिला. नवव्या दिवशी नळी दाबताच पेल्यात नुसता फेस आला आणि तो बसल्यावर खाली चार बोटे सरबत उरले, तेही मिळमिळीत. साबणाचे पाणी लावून सगळे सांधे तपासले, परंतु कुठेही बुडबुडा दिसला नाही. नळी जेमतेम हातभर लांब आहे.

दुसरी काळजी सिलिंडरची आहे. तो ओसरीत असतो आणि दुपारी त्याच्या मोठ्या दाबमापकाचा काटा 1100 पीएसआयच्याही पुढे जातो, तर पहाटे बराच खाली येतो. हे धोक्याचे आहे का, आणि माझे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

दादा, वहीतला आकडा बरोबर आहे. फक्त तो फ्रीजमधल्या केगचा आहे. द्रव जितका थंड, तितका कार्बन डायऑक्साइड त्यात अधिक विरघळतो. 4 अंश सेल्सिअसला 12 पीएसआय दाबाखाली बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट वायू मुरतो आणि बिअरला तेवढा पुरतो. आपल्या माजघरात मे महिन्यात 35 अंश तापमान धरले, तर त्याच दाबाला तो जेमतेम एकपट मुरेल. त्यात सोड्याला साडेतीन ते चारपट वायू लागतो. तेवढा वायू त्या उकाड्यात मुरवायचा, तर दाब 75 पीएसआयच्या आसपास न्यावा लागेल, आणि तो प्रयोग नवख्याने करू नये. केग आधी रात्रभर थंड करावा आणि मग 25 ते 30 पीएसआयवर आठवडाभर फ्रीजमध्येच ठेवावा.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही. झाकण लावल्यावर गॅस सोडून सुरक्षा-व्हॉल्व्हची कडी तीन-चार वेळा ओढली होती का? आतली हवा तशीच राहिली, तर मापकावर दिसणाऱ्या दाबात तिचाही वाटा असतो आणि कार्बन डायऑक्साइडला तेवढा कमी दाब मिळतो.

फेसाचे मूळही उष्णतेतच आहे, पण आखूड नळी त्यात भर घालते. आतून 5 मिलिमीटरची, निदान सहा मीटर लांब नळी वेटोळे करून फ्रीजमध्येच ठेवावी. तोवर पेला भरण्याआधी गॅस बंद करून, कडी ओढून दाब उतरवावा आणि 5 पीएसआयवर ओतावे.

सिलिंडर मात्र आजच ओसरीतून हलवा. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणून दुपारी काटा चढतो. व्हॉल्व्हवर सुरक्षा-चकती असते, तरी ऊन लागू देऊ नये. सिलिंडर उभा बांधून, सावलीत आणि वारा खेळता असेल तिथे ठेवावा. कोंदट खोलीत नको, कारण गळलेला वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो. किती गॅस उरला, हे काट्यावरून कळत नाही. त्यासाठी सिलिंडरचे वजन करावे.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. कडी ओढलीच नव्हती. फ्रीजच्या जाळ्या काढून केग आत बसवला आणि दुधाचे पातेले शेजारच्या वहिनींकडे हलवले. सिलिंडर आता उत्तरेकडच्या पडवीत खांबाला बांधला आहे. आज आठव्या दिवशी 5 पीएसआयवर ओतले, तेव्हा फेस दोनच बोटे आला आणि पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या आल्या. फक्त तिसऱ्या पेल्यानंतर धार बारीक झाली. आल्याचा चोथा आतल्या नळीत अडकला असावा. केग उघडण्यापूर्वी गॅस तोडून दाब पूर्ण उतरवायचा, एवढे ठाऊक आहे. पुढे नळी काढून धुण्याची रीत कोणी सांगेल का?