'फॉर्मसेट'ला काय म्हणावं: संच की गठ्ठा?

प्रश्न: जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटांवर (पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या फायलींवर) मराठीत टिपण लिहितोय. एकाच पानावर एकाच प्रकारचे अनेक फॉर्म (जसं, बिलाच्या प्रत्येक ओळीला एक) हाताळायच्या सोयीला तिथे 'फॉर्मसेट' म्हणतात. 'अर्जसंच' चालेल का?

उत्तर: 'अर्ज' नको. अर्ज म्हटला की कुणीतरी काहीतरी मागतंय आणि खाली 'आपला नम्र' आलंच. बिलातली एक ओळ भरणारा कुणाकडे काय मागतो? 'फॉर्म' मराठीत कधीच रुळलाय. 'संच'बद्दलही शंका आहे. गणितातल्या संचाला क्रम नसतो, पायथनच्या 'सेट'लाही नाही. इथे मात्र फॉर्मांना 0 पासून नंबर असतात आणि प्रत्येक रकान्याच्या नावात तो नंबर येतो.

दुसरं मत: पुस्तकांच्या संचात खंड पहिला, खंड दुसरा असतोच की. गणिताने शब्द विकत घेतलेला नाही.

उत्तर: कबूल. पण हा वाचक शेजारच्याच ओळीत पायथनचा 'सेट' वाचणार आहे. मी 'गठ्ठा' म्हणेन. गठ्ठ्यावर नगांची चिठ्ठी असते, तसा इथे 'मॅनेजमेंट फॉर्म' असतो: एकूण फॉर्म किती, आधीचे किती, हे लपवलेल्या रकान्यांत. टेम्प्लेटमध्ये अख्खा गठ्ठा एकदम छापला तर चिठ्ठी आपोआप येते. एकेक फॉर्म स्वतः मांडलात आणि ती विसरलात, तर आतलं सगळं अचूक भरलेलं असूनही गठ्ठा अवैध. 'व्यवस्थापन फॉर्म' लिहून यातलं काहीच कळत नाही. सरळ 'मोजचिठ्ठी' लिहा.

प्रश्न: आणि नवी ओळ जोडता यावी म्हणून ठेवलेला 'एम्प्टी फॉर्म'? 'रिकामा' खटकला म्हणून 'कोरा' लिहिलंय.

उत्तर: डबा रिकामा, कागद कोरा, कान बरोबर आहे. पण 'एक्स्ट्रा' म्हणून जोडलेले फॉर्मही कोरेच असतात. वेगळं काही सांगितलं नाही तर साध्या फॉर्मसेटला असा 1 मिळतो, इनलाइनला (एका मूळ नोंदीला जोडलेल्या नोंदींच्या फॉर्मसेटला) 3. ते मोजणीत असतात, एम्प्टी फॉर्म नसतो. त्याच्या नंबराच्या जागी नुसता 'प्रीफिक्स' हा शब्द असतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा. 'आणखी एक ओळ' दाबल्यावर जावास्क्रिप्टने त्याची प्रत काढायची, तिथे पुढचा नंबर घालायचा, मोजचिठ्ठीवरचा एकूण आकडा एकाने वाढवायचा. म्हणजे हा भरायचा फॉर्म नव्हेच. 'साचा' शोभला असता, पण तो टेम्प्लेटला लागेल.

प्रश्न: टेम्प्लेटला मी टेम्प्लेटच म्हटलंय.

उत्तर: मग साचा मोकळाच आहे, घ्या!